हजार पांढरी फुलं

९ एप्रिल २००५, शनिवार. गुढीपाडवा.
गुढी बाल्कनीत उभारली, पडद्याच्या दांडीला. कडुनिंब मिळाला नाही. ह्यांनी पलंगावरूनच हात जोडले. पोटातली गाठ हटत नाही, औषधं थांबवायची की नाही ते एकोणीसच्या स्कॅननंतर ठरवणार. आश्लेषा डॉक्टरांशी फोनवर इंग्रजीत बोलते. लेकीला वाटतं आईला कळत नाही.
रामाला बोलले – आजपासून रामनवमीपर्यंत रोज शंभर, अशी हजार पांढरी फुलं वाहीन. ह्यांना उठव.

१० एप्रिल
एडिसनच्या दुकानात शेवंतीची एवढीशी जुडी सहा डॉलर! विकतच्या फुलाला देव जास्त पावतो असं थोडंच आहे. घरामागच्या रानात, ओढ्याकाठी, ह्यांची लाडकी पांढरी रानफुलं, टूथवर्ट, आली आहेत. काल-आज मिळून दोनशे आणली.
ह्यांनी नागपूरला तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. इथे अमेरिकेत लेकीकडे राहायला आलो, त्या पहिल्याच एप्रिलमध्ये मला हात धरून तिथे नेलं. "मोज पाकळ्या. चार ना? तुझ्या फोडणीतल्या मोहरीची बहीण आहे ही." दर वर्षी नेतात. तोडू मात्र देत नाहीत. "वर झाडांना पानं फुटली की ही गडप. चार दिवस जगू दे की तिला."
म्हणून ह्यांना सांगितलं नाही. वाहिलेल्यातलं एक फूल काल आणि आज, ह्यांचा डोळा लागल्यावर, उशीखाली ठेवलं.

१४ एप्रिल
सहाशे झाली. नखं हिरवी झालीत. हे म्हणाले, "हाताला मोहरीचा वास येतोय तुझ्या." म्हटलं, आमटीला फोडणी दिली. आमटी केलीच नव्हती. रामा, क्षमा कर.
उशीखालचं फूल सकाळी नसतं. आश्लेषा चादर झटकते, त्यात जात असेल.

१५ एप्रिल
दोन घास भात खाल्ला ह्यांनी. स्वतः मागून!

१८ एप्रिल. रामनवमी.
हजार पुरी झाली. शेवटची वीस मिळेनात, तेव्हा कळ्या खुडल्या. आता रानात एक नाही. सुंठवडा ह्यांच्या ओठाला लावला.

२० एप्रिल
काल स्कॅन झाला. गाठ वाढली आहे. औषधं बंद. परतताना आश्लेषा गाडी कडेला लावून रडली.
घरी आल्यावर हे म्हणाले, "टूथवर्ट फुलली असतील. एकदा बघून येऊ. पुढच्या वर्षी मी काही नाही."
म्हटलं, गारठा आहे.
"मग शाल दे."

२१ एप्रिल
नेलं. आश्लेषाने चाकाची खुर्ची ढकलली. मी मागे चालले. चष्मा लावून द्यावा म्हणून ह्यांच्या खिशातली डबी मागितली, तर दिली नाही. डबीतून स्वतःच काढला.
ओढ्याकाठी पानं तेवढी होती. वर नुसते देठ.
"बाबा, फ्लॉवर्स कुठेयत?"
"हरणांनी खाल्ली."
"फक्त फुलं? पानं सोडून?"
"खातात. जीव कासावीस झाला की काय करतील बिचारी." मग म्हणाले, "चल, तुझ्या आईला थंडी वाजतेय."
तिथल्या तिथे मी ह्यांचे पाय धरायला हवे होते.

२४ एप्रिल
आज सांगणारच होते. जवळ जाऊन बसले, तर ह्यांना झोप लागली. हात तेवढा माझ्या हातात होता. उद्या सांगेन.

२ मे
दुपारी जेवणवेळेला हे गेले. सांगायचं राहिलं.

३ मे
काही नाही.

१९ मे
आश्लेषा म्हणाली, "आई, लायब्ररीत जुन्या चष्म्यांसाठी बॉक्स ठेवलाय, बाबांचा डोनेट करूया का?" पुसून द्यावा म्हणून डबी उघडली. चष्म्याखाली दहा सुकलेली फुलं. चार-चार पाकळ्यांची.