वन्संच्या खोलीची डावी बाजू

तीर्थरूप वन्संना,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा सध्या पत्रातच वाकते. खरोखर वाकले तर मला सरळ करायला तुम्हालाच यावं लागेल.) गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता ना? मागे पाय घसरला तेव्हा तुम्ही फोनवर "काही नाही गं, शेवटच्या पायऱ्या बसून उतरले" असं सांगून मोकळ्या झालात, पण इकडे ह्यांनी दिवसभर कुणाशी बोलणं टाकलं होतं. आम्ही दोघं खुशाल आहोत. ह्यांच्या हातोडीने ठेचलेल्या अंगठ्याला नवीन नख येतंय, माझ्या केसांतला पांढरा रंग (भिंतीचा, दुसरा आहे तो आहेच) बराचसा निघाला आहे आणि शेजारच्यांनी पुन्हा आमच्याशी बोलायला सुरुवात केली आहे.

तुमच्या पत्रात प्रश्न एकच होता, खोली झाली का. झाली. तुम्हाला हवी होती तशीच झाली. एक बारीकसा फरक राहिला आहे, तो ओघात येईलच. तेवढ्यासाठी पत्राचं शेवटचं पान आधी काढून वाचू नका. कादंबऱ्यांच्या बाबतीत तुम्ही काय करता ते मला माहीत आहे.

तुमची अट मला तोंडपाठ आहे. आठवडाभर राहून बघणार, जमलं तर कायमचं राहणार, नाही जमलं तर आल्या पावली परत, आणि मग पुन्हा कुणी हा विषय काढायचा नाही. का जमणार नाही तेही तुम्ही, आम्ही तुमच्याकडे आलो होतो त्या दिवशी, चहा पिता पिता सांगितलंत. तुम्ही उजाडायच्या आत उठता, दिवा न लावता. उशाकडे हात नेला की चष्मा, वरच्या फळीवर पाण्याचा तांब्या, खाली टेकवलेली काठी आणि मग भिंतीवरचं बटण. सगळं हाताच्या सवयीचं. "तुमच्याकडे येऊन मी अंधारात धडपडत बसू होय?" असं तुम्ही म्हणालात आणि बिस्कीट बुडवलंत. तुमच्या दृष्टीने विषय संपला. पण ह्यांच्या डोक्यात तिथेच चक्र सुरू झालं. परत येताना गाडीत एकदम म्हणाले, "ताईची खोलीच आपल्या घरी न्यायची." मला वाटलं, ऊन लागलं.

तर बेत असा की आमची मागची अडगळीची खोली हुबेहूब तुमच्या खोलीसारखी करायची. तोच पलंग, तीच फळी, त्याच उंचीवर बटण, म्हणजे तुमच्या हाताला घर बदलल्याचं कळणारच नाही. कल्पना चांगली होती हे मी कबूल करते. (ह्यांच्या कल्पना चांगल्याच असतात. त्रास त्या अमलात आणताना होतो.) सुतार बोलवायचं मी सुचवून पाहिलं, पण "बहिणीची खोली मी दुसऱ्याच्या हातून करून घेऊ?" असं म्हणून ह्यांनी छाती पुढे काढली आणि ड्रिल माझ्या हातात दिलं.

हे कसं काय, असं तुम्ही विचाराल. तुम्ही इथे येऊन गेल्याला बरीच वर्षं झाली, त्यामुळे आमच्या घरातली सध्याची कामाची वाटणी तुम्हाला ठाऊक नसेल. नोकरी संपल्यावर ह्यांनी कॅमेरा घेतला आणि मी ड्रिल. खरं म्हणजे दोन्ही ह्यांनीच घेतलं होतं. पण स्वयंपाकघरात टॉवेलसाठी पहिलं भोक पाडताना ह्यांनी डोळे मिटून घेतले, तेव्हा मी ते यंत्र काढून घेतलं, आणि मला कळलं की ह्या कामात भलताच आनंद आहे. इतकी वर्षं मी भिंतींकडे नुसती बघत होते! तेव्हापासून मी भोक पाडते आणि हे त्याचा फोटो काढतात. एकदा माझा नेम चुकला आणि भिंतीतला नळाचा पाइप फुटला. पाणी थेट छतापर्यंत. मी अंगठ्याने भोक दाबून "कॉक बंद करा" म्हणून घसा फोडून ओरडतेय, आणि हे धावत गेले ते कॅमेरा घेऊन परत आले, कारण खिडकीतल्या उन्हामुळे त्या कारंज्यात इंद्रधनुष्य पडलं होतं. पाणी भिंतीतून शेजारच्यांच्या कपाटात उतरलं. फोटोला ह्यांच्या फोटोग्राफीच्या मंडळात तिसरा नंबर मिळाला. शेजारच्यांनी अबोला धरला तो ह्याच पायी. आणि कौतुक म्हणून ह्यांनी त्यांना त्या फोटोची मोठी प्रत नेऊन दिल्यामुळे तो चांगलाच लांबला.

असो. खोलीकडे येते. टेप लावून तुमच्या खोलीची मापं घेतली असती तर "मी अजून आहे, आत्तापासून मापं कसली घेताय" म्हणून तुम्ही आम्हाला बाहेर काढलं असतंत. म्हणून ह्यांनी त्या दिवशी "ताई, जरा हस" म्हणून तुमचा फोटो काढला होता. तुम्ही हसला नाहीत, पण मागची फळी फार छान आली आहे. त्या एका फोटोवरून आम्ही सगळी खोली उभी करायची होती. तुमची काठी ह्यांनीच आणलेली, तिची उंची माहीत. मग फोटोतली काठी मोजायची, फोटोतला पलंग मोजायचा आणि त्रैराशिक मांडायचं. मांडलं. तुमचा पलंग पाळण्याएवढा निघाला. काठी कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात होती, त्यामुळे ती मोठी दिसत होती, हे लक्षात येईपर्यंत मी फळी कापून ठेवलेली. (वाया गेली नाही. तिच्यावर आता ह्यांच्या लेन्सा बसतात.) मग काठी सोडून तुमचीच उंची धरली, तेव्हा कुठे गणित जमलं.

भिंतींना लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासल्या, रंगवल्या. रंग फोटोतल्यासारखाच हवा म्हणून चार वेळा बदलला आणि शेवटी समजलं की फोटोत दिसतो तो तुमच्या भिंतीचा रंग नव्हताच, ह्यांनी कॉम्प्युटरवर घातलेला उबदारपणा होता. फळी ठोकली. पाणसळ लावून बघितली, बुडबुडा बरोबर मधोमध. वायरमनकडून बटण हलवून घेतलं. फोटोत खिडकी डावीकडे आहे, आणि काय योगायोग, आमच्या मागच्या खोलीची खिडकीही डावीकडेच! हे म्हणाले, "बघ, ही खोली ताईसाठीच बांधलेली होती." आणि डोळे पुसले. मीही डोळे पुसले, आणि रंगाचा हात होता त्यामुळे बराच वेळ पुसत राहिले.

मग चाचणी. हे पलंगावर आडवे झाले, डोळे मिटले, तुमच्यासारखा खोकला काढला (तुम्ही असं खोकता हे मला माहीत नव्हतं, पण हुबेहूब होतं असं हे म्हणतात) आणि हात लांब केला. चष्मा! वर फळी, तांब्या! खाली काठी! बटण, टक्! दिवा लागला. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी तो सगळा प्रकार पुन्हा पुन्हा करून दाखवला, आणि मी ड्रिल तेल पुसून डब्यात ठेवलं.

आता तो बारीकसा फरक. दुसऱ्या दिवशी मी तो फोटो भिंतीवरून काढत होते. इतके दिवस तो डोळ्यांसमोर टांगलेला, पण वन्सं, खरं सांगते, मी फळीकडे बघत होते, बटणाकडे बघत होते, तुमच्याकडे बघितलंच नव्हतं. त्या दिवशी बघितलं. किती वाळलात हो! आणि मग दिसलं की तुमचा तीळ उजव्या गालावर आहे. मी नवी नवरी असताना तुम्ही मला सायकल शिकवलीत. माझ्या उजव्या हाताला सायकलीचं सीट धरून तुम्ही धावायचात, "पुढे बघ, माझ्याकडे काय बघतेस" म्हणून ओरडायचात, आणि मी घाबरून तुमच्याचकडे बघायचे. तो तीळ मी इतक्या जवळून आणि इतक्या भीतीने बघितला आहे की विसरणं शक्य नाही. तीळ डाव्या गालावर आहे.

ह्यांना सांगितलं तर खवळलेच. "सख्खी बहीण माझी, आणि तीळ कुठे ते तू मला सांगणार?" मी म्हटलं, वन्संचा दुसरा फोटो शोधून दाखवा. हे तरातरा गेले आणि सगळे फोटो उघडून बसले. वन्सं, काय काय निघालं म्हणून सांगू! दवबिंदू निघाले. कोळ्याचं जाळं निघालं, सगळ्या बाजूंनी. गंजलेलं फाटक, शेजारच्यांचं मांजर, रिकामी खुर्ची (तिला "प्रतीक्षा" असं नाव दिलंय, ती मी दुरुस्तीला काढलेली होती). तुमचा ह्या एकाशिवाय एकही नाही. शेवटी कॅमेरा बाजूला ठेवून म्हणाले, "ताई नेहमी होतीच गं. म्हणून काढायचं सुचलंच नाही."

मला भांडण जिंकल्याचा आनंद होणार होता तो राहूनच गेला.

मग हळूहळू बाहेर आलं. ह्यांच्या मंडळाचे मास्तर (पूर्वी दातांचे डॉक्टर होते, अजूनही लेन्सबद्दल बोलताना "मोठं उघडा" म्हणतात) ह्यांना म्हणाले होते की फोटो उत्तम, पण उजेड डावीकडून यायला हवा. कॉम्प्युटरवर म्हणे एक बटण असतं, ते दाबलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं. ह्यांनी ते दाबलं, आणि मूळचा सुलटा फोटो ठेवलाच नाही. उजेड डावीकडून आला. आणि त्याबरोबर तुमचा चष्मा, तांब्या, काठी, फळी आणि भिंतीवरचं बटण सगळं डावीकडचं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे गेलं. त्या फोटोवरून मी, सहाणेवर उगाळावी तशी स्वतःची कंबर झिजवून, एक अतिशय नेमकी, पाणसळीत बसलेली, संपूर्ण उलटी खोली तयार केली आहे. चाचणीत ती पास झाली, कारण ह्यांना तुमच्या खोलीची मुळात सवयच नव्हती.

तेव्हा वन्सं, खोली झाली आहे. फक्त तुम्ही सवयीने हात लांब केलात तर तिकडे नुसती भिंत आहे. भिंत मात्र फार गुळगुळीत झाली आहे.

हे म्हणतात, सगळं उखडून पुन्हा करू. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही काय म्हणता ते कळवा. प्रकृतीला जपा आणि जिन्यावर कुणाशी बोलत बोलत उतरू नका.

तुमची
भावजय

ता. क. : रंगाचा वास जवळजवळ गेला आहे. माझं नाक चोंदलं आहे हे मात्र लक्षात घ्या.

दुसरा ता. क. : वन्सं, वर जे लिहिलं ते सगळं एका वाक्यासाठी लिहिलं आणि तेच राहिलं. तुम्ही अट घातलीत ती नीट वाटली, आम्ही ती पुरी करायला गेलो, आणि आता असं झालंय की तुम्ही आलात तर पहिल्याच सकाळी तुम्हाला परत जायला चांगलं कारण मिळेल. म्हणून विनंती आहे की खोली बघायला येऊ नका. राहायला या. हे तोंडाने "ताईला खोली आवडेल ना?" एवढंच विचारतात, पण त्यांना काय विचारायचं असतं ते मला कळतं. आणि मलाही एकटीला ह्यांच्या कल्पना आवरत नाहीत. तुमचं ते ऐकतात.

तिसरा ता. क. (ह्यांच्या अक्षरात) : ताई, पाकिटावर पत्ता घालायला हिने पत्र माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. इंद्रधनुष्याला दुसरा नंबर होता, तिसरा नव्हे. बाकी सगळं खरं आहे. खोली सुलटी करायला मी एका पायावर तयार आहे, पण त्यात आणखी दिवस जातील आणि ते तू त्या जिन्यावर काढशील. तेव्हा आहे त्या उलट्या खोलीतच ये. पहाटे बटण सापडलं नाही तर धडपडत बसू नकोस, हाक मार. मी भिंतीच्या पलीकडेच झोपतो, आणि हिने त्या भिंतीला इतकी भोकं पाडून ठेवली आहेत की तू हळू बोललीस तरी मला ऐकू येईल.