विडा ठेवलेली खुर्ची

४ मे
डिचोलीत पोचलो. बसस्टँडजवळ पातळ भाजी आणि दोन गरमागरम उंडे पाव हाणले, जीव सुखावला. बाजारामागचं जुनं थिएटर मोकळं करायचं काम आहे. पडदा, पंखे, खुर्च्या सगळं काढायचं, मग मालक कृष्णनाथ तिथे लग्नाचा हॉल करणार. खाणी चालू होत्या तेव्हा ट्रकवाल्यांनी हे थिएटर भरून वाहायचं म्हणे. खाणी बंद पडल्या आणि यानेही गाशा गुंडाळला.

शेवटच्या ओळीत, कोपऱ्यातल्या खुर्चीला शेंदूर फासलेला दिसला. राखणदाराची, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवाची बैठक, लगेच ओळखलं. मी दोडामार्गचा. जागेवाल्याला विचारल्याशिवाय आमच्याकडे खिळासुद्धा उपटत नाहीत. पणती लावली, खुर्चीवर विडा ठेवला, काम सुखरूप होऊ दे म्हणून हात जोडून गाऱ्हाणं घातलं. मगच पडदा उतरवला. आता समोर नुसती पांढरी भिंत आहे.

राहायला तिकीटखिडकीची खोली मिळालीय. उद्या सिद्धी येते. शाळेला सुट्टी लागली म्हणून बायकोने, जानकीने, लेकीला माझ्या गळ्यात मारलंय. मला तर हवंच होतं.

६ मे
सिद्धी खूश आहे. इथल्या खुर्च्या गमतीच्या, बसलं की फळी खाली, उठलं की खटकन वर. दिवसभर तिचं तेच चाललंय. मी गाऱ्हाणं कसं घालतो तेही तिने करून दाखवलं, हात जोडून, माझ्यासारखंच खाकरत.

समोर कमलाक्षीमावशी राहतात. पूर्वी इंटरव्हलला चणे विकायच्या. त्यांनी सांगितलं की जुना मालक प्रत्येक खेळाआधी त्या खुर्चीवर विडा ठेवायचा. मी ऐटीत म्हटलं, मीही ठेवला. त्या उठून आत निघून गेल्या. म्हातारीला आपल्याला विडा मिळाला नाही याचं वाईट वाटलं असावं.

८ मे
दुपारी पाहिलं तर कोपऱ्यातल्या खुर्चीची फळी खाली. स्प्रिंग गेली असेल. हाताने वर केली. ती पुन्हा सावकाश खाली आली, कोणी टेकत असल्यासारखी.

९ मे
शेवटची ओळ सगळी खाली. पान्याने एकही बोल्ट हलत नाही. कमलाक्षीमावशींकडे गेलो. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "विडो ठेवलंस म्हणजे खेळ लावलंस, बाबा. आता खेळ संपासर कोणतरी बसाक व्हया."

मी म्हटलं, पिक्चरच नाही तर संपणार काय, आणि संपेपर्यंत बसायचं कोणी?

काम गेलं चुलीत. उद्या सकाळच्या बसने सिद्धीला घेऊन घरी.

१० मे
पिशवी भरली. सिद्धी खोलीत नाही. हाका मारल्या—

आत आहे. सगळ्या खुर्च्यांच्या फळ्या खाली, माणूस एकही नाही. फक्त सिद्धी, कोपऱ्यातल्या खुर्चीच्या शेजारी. भिंतीकडे बघून हसते. पापणी हलत नाही. उचलायला गेलो, उचलेना. माझी एवढीशी पोर मला उचलेना. मावशी दारात रडतात, आत येत नाहीत.

१० मे, नंतर
पुन्हा विडा ठेवला. गाऱ्हाणं घातलं— लेकराला सोड, तिच्या जागी मी बसतो, शेवटपर्यंत.

सिद्धी उठली. आधी माझ्याकडे, मग विड्याकडे बघत राहिली. ढकललं तिला. मावशींना म्हटलं, हिला जानकीकडे पोचवा, मागे वळू देऊ नका.

बसलो. आता उठता येत नाही. वही मांडीवर आहे. फार भीती वाटते.

शेजारी कोणीतरी विडा चावतंय. काताचा वास—

भिंतीवर उजेड पडला. पडदा नाही, मशीन नाही, तरी— बाजार दिसतो. पानवाल्याची गादी. मावशी धावतायत, हाका मारतायत. त्यांच्या हातून सुटलेली—

सिद्धी. धापा टाकत थिएटरकडे येतेय. मुठीत काहीतरी हिरवं. विडा. मला सोडवायला—

नको. ठेवू नको, बाळा, खेळ पुन्हा—

दार उघडलं. ती हात जोडते आहे. खाकरते आहे, माझ्यासारखीच—