शुक्रवारचे राजीनामे

४ फेब्रुवारी, सोमवार

बंद! नऊला पोचलो तर बेकारी ऑफिसची सिस्टिम बंद. दोनशे माणसं उन्हात, आणि आत पंखा कुणासाठी चालू? बंद सिस्टिमसाठी!

मोबाइलचा डेटा संपलाय म्हणून वहीत लिहितोय. वही कारखान्यातून ढापली. दर पानावर छापलंय – गादी नंबर, माप, तपासणारा. चार वर्षं मी त्या गाद्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या, म्हणून अक्षर झकास आहे. शाळेनं काही दिलं नाही, गाद्यांनी अक्षर दिलं. जानेवारीत स्टीनकांप मॅनेजरनं चौदा जणांना काढलं. धंदा मंदा आहे म्हणे. नवी गाडी घेतली तेव्हा नव्हता मंदा!

रांगेत पुढे म्हातारा फेझिले ताता. ताता म्हणजे बाप, पण सगळेच त्याला ताता म्हणतात. कारखान्यात मी चिठ्ठी लिहायचो, तो ती गादीला शिवायचा. त्याची बावीस वर्षं तेच. मला बघून ओरडला, "मोंडे! इकडे ये बाळा, तुझी जागा धरलीय." मागची बाई भडकली. "हा कोण राजा?" मी म्हटलं, "राजाच आहे मावशी, मुकुट धुवायला टाकलाय."

ताता साडेचारपासून उभा. पहाटे! याला वेड म्हणतात.

बायकोच्या थडग्याचा दगड त्यानं घडवायला टाकलाय. नाव कोरून झालंय – नोझिबेले. अर्धे पैसे दिले, अर्धे राहिले. ईस्टरला घरचे सगळे जमणार, तेव्हा कापड ओढून दगड उघडायचा. बेकारीचे पैसे ईस्टरच्या आत आले पाहिजेत. नाहीतर पाथरवट नाव घासून दगड दुसऱ्याला विकणार, असं त्यानं तोंडावर सांगितलंय. मी म्हटलं, "ताता, घासू दे की. म्हातारीला काय वाचायचंय?" दुसऱ्या कुणी कानफटात दिली असती. ताता हसला. असल्या माणसांमुळेच स्टीनकांप जन्माला येतात.

५ फेब्रुवारी

सिस्टिम बंद.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

शुक्रवार आला की हात शिवशिवतात. कारखान्यात दर शुक्रवारी मी कुणाच्यातरी नावानं राजीनामा लिहून स्टीनकांपच्या टेबलावर ठेवायचो. ड्रायव्हरच्या नावानं – 'मला जहाज चालवायचं आहे.' वॉचमनच्या नावानं – 'मला घरी झोपायचं आहे.' सही पण त्याचीच, हुबेहूब! शेवटी पूर्णविरामाला दोन कान आणि शेपूट. उंदीर. तो माझा शिक्का. गाद्यांच्या चिठ्ठ्यांवर पण काढायचो. आख्ख्या देशात लोक माझ्या उंदरांवर झोपलेत!

स्टीनकांप चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवायचा. तो पण हसायचा, बैल.

आता इथे कुणाच्या नावानं लिहू? आई म्हणते, "नोकरीसाठी अर्ज लिही की." विनोद मी करायचे असतात, तिनं नाही.

११ फेब्रुवारी, सोमवार

आज मजा! गळ्यात जुनं बस कार्ड अडकवलं, हातात ही वही, आणि रांगेच्या पुढे जाऊन उभा राहिलो. "ज्यांची सासू जिवंत आहे ते डावीकडे, नाही ते उजवीकडे!" आणि हलले की लोक! एक जण विचारतो, "साहेब, सासू आजारी आहे, कुठे उभा राहू?" म्हटलं, "मध्ये. डॉक्टर काय म्हणतो त्यावर बघू." गेटवरच्या किल्लीनं मला हाकललं. वॉचमन आहे. एवढं मोठं कडं आणि त्यात एकच किल्ली, म्हणून किल्ली.

मग खिडकी. खिडकीत पुम्झा बाई. नखं एवढी लांब की कीबोर्डवर एक अक्षर दाबायला तिला कोपर उचलावं लागतं. आधी ताता गेला. बराच वेळ. ती काहीतरी दाखवत होती, हा मान हलवत होता. मध्येच त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. मी डोळा मारला. परत आल्यावर विचारलं, "काय म्हणाली?" "काही नाही. वेळ लागेल." आणि वर तिला थँक्यू म्हणून आला! काम न करण्याबद्दल थँक्यू!

माझा फॉर्म घेतला. कपात म्हणून काढलेला, सगळं बरोबर. फक्त बँकेचा कागद चुकीचा. पुढच्या सोमवारी या.

ताता लवकर गेला. काम आहे म्हणाला. बेकार माणसाला कसलं काम!

१८ फेब्रुवारी, सोमवार

बँकेचा कागद बरोबर, शिक्का चुकीचा. निळा पाहिजे, काळा आहे. बाईला विचारलं, "जांभळा चालेल का? मधला रंग." तिनं पुढच्याला हाक मारली.

जागा तातानं धरली होती. मी नऊला जातो, तो साडेचारला. मला म्हणतो, "तू आधी जा, मला घाई नाही." ईस्टर तोंडावर आणि याला घाई नाही! माझं झालं की मी सटकतो, तो आपला बाकावर थर्मास घेऊन बसलेला.

२५ फेब्रुवारी

निळा शिक्का दिला. फोटो जुना.

४ मार्च, सोमवार

फोटो नवा दिला. बाई म्हणते, "हा तू वाटत नाहीस." म्हटलं, "बाई, तुमच्या रांगेत उभं राहून म्हातारा झालोय."

ताता हसला पण खोकला आला. बाहेर एका मावशीच्या टोपलीतले ग्विन्ये घेतले, पिठाचे तळलेले गोळे, गरम, मुठीएवढे, बोटं तेलानं माखली. तातानं स्वतःचा अर्धा मोडून मला दिला. "मला सकाळचं तेलकट सोसत नाही." मग घेतोस कशाला?

विचारलं, "दगडाचं काय?" म्हणाला, "दगड काय, कुठे पळतोय?"

माझं नाव मोंडे, म्हणजे धीर. आईनं जन्मल्या जन्मल्या केलेला विनोद. आमच्या घरात तो एकच चांगला जमला. पण खरं तर ते नाव या म्हाताऱ्याला द्यायला हवं होतं. लाज वाटते त्याच्या शेजारी उभं राहायची. वाकून चालतो, वाकून बोलतो. किल्लीला पण 'साहेब' म्हणतो!

११ मार्च

सिस्टिम बंद. किल्लीनं स्वतः सांगितलं, मोठ्या रुबाबात, जशी काय यानंच बंद केलीय.

१८ मार्च, सोमवार

मंजूर! मंजूर! मंजूर!

गुरुवारी पैसे खात्यात. पुम्झा बाई म्हणाली, "दर महिन्याला येऊन सही करायची, अजून बेकार आहे म्हणून." म्हटलं, "बाई, त्यात माझा हात कुणी धरणार नाही." पहिल्यांदा हसली. दात चांगले आहेत.

तातानं दोन्ही हातांनी माझा हात धरला. डोळ्यात पाणी! अरे, पैसे मला मिळाले, तू का रडतोस? माणसानं किती साधं असावं याला काही मर्यादा?

२१ मार्च

बूट घेतले. पांढरे. आईला कोंबडी आणि साखर. आई म्हणाली, "फेझिलेचं काय झालं रे?" म्हटलं, काय होणार, बसलाय देवासारखा. सोमवारी मी पण येतोय असं त्याला सांगितलंय, मीच बघतो. एका मिनिटाचं काम आहे. नुसता आवाज चढवायचा, बाकी काही नाही.

२५ मार्च, सोमवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

ताता नळावर थर्मास भरायला गेला होता. मी पांढरे बूट घालून खिडकीवर. "बाई, फेझिले ताताची फाइल काढा. सात आठवडे झाले, म्हातारा मरायची वाट बघताय का?" मागचे लोक टाळ्या वाजवायला तयारच. पुम्झा बाईनं नखानं कपाळ खाजवलं. "ती केस? ती अकरा फेब्रुवारीलाच बंद झाली. स्वतःहून नोकरी सोडलेल्याला पैसे नसतात." मी ओरडलो, "कुणी सोडली? त्याला हाकललंय! आम्हा चौदा जणांना!" तिनं फाइल काढली, एक कागद फिरवला आणि काचेला लावला.

'मी फेझिले, राजीनामा देतो. बावीस वर्षं उभा आहे. माझ्या पायांनी कधीच राजीनामा दिला आहे, आता मी पण देतो.'

खाली सही. शेवटी उंदीर.

गेल्या वर्षीचा एक शुक्रवार. स्टीनकांप किती हसला होता! हसला, जपून ठेवला, आणि आता इथे पाठवून दिला. बावीस वर्षांची भरपाई वाचवली साल्यानं, एका उंदरावर.

बाईच बोलत होती. "मी त्याला विचारलं, ताता, हे तुम्ही लिहिलंय? अक्षर तुमचं वाटत नाही. तर मलाच विचारतो, दुसऱ्यानं लिहिलं असेल तर त्याचं काय होईल? म्हटलं, खोटी सही आहे ही. तो पण क्लेम मागत असेल तर त्याचा आधी थांबेल. मग म्हणाला, माझंच आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "काय रे राजा, आवाज कुठे गेला?"

ताता थर्मास घेऊन आला. माझ्याकडे बघितलं, काचेवरच्या कागदाकडे बघितलं. "चल बाळा, चहा गार होतोय."

मी चहा घेतला नाही. घरी आलो.

२६ मार्च

मूर्ख म्हातारा! कुणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं? ओळखलंच असेल त्यानं, माझे चार वर्षांचे उंदीर त्याच्याच बोटांखालून गेलेत. मग तोंडावर सांगायचं, शिव्या घालायच्या. गुपचूप मरायचं आणि दुसऱ्याला ओझं करून ठेवायचं, ही कुठली रीत?

२७ मार्च

स्टीनकांपचीच चूक आहे. शंभर टक्के.

२९ मार्च, शुक्रवार

आई म्हणते, "बूट का घालत नाहीस?" म्हटलं, चावतात.

१ एप्रिल, सोमवार

आज एकटाच गेलो. तातानं कालच सांगितलं होतं, छातीत कफ झालाय, येत नाही. सहा वाजता पोचलो तर नव्वद माणसं पुढे. नव्वद! मला वाटायचं नऊला येऊन दहावा नंबर लागतो ही ऑफिसची शिस्त आहे.

एक वाजता खिडकी. "बाई, ती चिठ्ठी मी लिहिली. फेझिले ताताची. सही पण मीच केली."

पुम्झा बाईनं कॅलेंडरकडे बोट केलं आणि हसत सुटली. शेजारच्या खिडकीतलीला बोलावलं. "अगं ऐक, हा सासूवाला! एक एप्रिल आहे, याला वाटतं आपण फसू!"

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायला गेलो, तर तारीख ही! म्हटलं, "बाई, कागद द्या." तिच्यासमोर लिहिलं. शब्द न् शब्द, सही, उंदीर. तिनं फाइलमधला कागद शेजारी ठेवला. दोन्ही उंदीर माझ्याकडे बघत होते. हसणं थांबलं.

"तुला कळतंय ना? तुझे पैसे आजपासून बंद. चौकशी लागेल. कदाचित दिलेले पण परत मागतील."

"कळतंय."

"मग कशाला?"

म्हटलं, "बूट चावतात."

तिनं जबाब लिहून घेतला, माझी सही घेतली – माझी स्वतःची. किती वाकडी आहे! दुसऱ्यांच्या करून करून स्वतःची विसरलो. मग म्हणाली, "केस परत उघडता येईल. आठ तारखेला त्याला घेऊन ये. तो स्वतः म्हणाला पाहिजे की आधी खोटं बोललो. म्हणेल?"

२ एप्रिल

म्हणत नव्हता. तासभर उशीत तोंड खुपसून. "तुझे पैसे गेले? का सांगितलंस, येड्या?" पहिल्यांदा शिवी दिली. बरं वाटलं. शेवटी म्हणाला, येतो.

तिथून पाथरवटाकडे गेलो. म्हटलं, ईस्टरनंतर थोडं थांब, पैसे येतील, दगड घासू नकोस. तो म्हणाला, "कुठला दगड? नोझिबेलेचा? तो म्हातारा अकरा फेब्रुवारीला दुपारीच आला होता. म्हणाला, माझे पैसे येत नाहीत, दगड दुसऱ्याला दे. मी घासत असताना इथे उभा होता. उभा राहू नका म्हटलं, ऐकेना."

दगड तर कधीच गेला. कुठल्यातरी मास्तरणीच्या थडग्यावर आहे.

पण अकराला केस बंद. अकरालाच दगड गेला. मग पुढचे सहा सोमवार हा माणूस तिथे काय करत होता?! पहाटे साडेचारला? विचारलं पाहिजे.

८ एप्रिल, सोमवार

रांगेत बसून लिहितोय. चार वाजता आलो, पहिला नंबर. ताता नऊच्या टॅक्सीनं येईल.

किल्लीनं गेट उघडलं. मला बघून म्हणाला, "आज तू? म्हातारा कुठाय? त्याला मी नेहमी सांगायचो, ताता, तुमचं इथे काही काम राहिलेलं नाही, थंडीत कशाला येता? म्हणायचा, साहेब, माझं काही नाही, मुलगा उशिरा उठतो."