कुंपणाचे शेंडे

आये,

लवळ्याहून हनुमंताचा नमस्कार. वाडीला रेंज न्हाई म्हणून लिवतोय. धाकली राणी शाळेतनं आली की तिला मोठ्यानं वाचाय सांग, बाला बी ऐकू दे.

मी बरा हाय, जेवण पोटभर मिळतंय. हितं कॉलेजात मला मेंदीची कुंपणं कापायचं काम हाय. छातीएवढी उंच, लई लांब. आत ना भात, ना भाजी. नुसती बघायला लावल्यात!

आधी दोरी ताणायची, मग दोरीच्या रेषेत पेट्रोलची मशीन फिरवायची. कोपरे मोठ्या कात्रीनं हातानंच.

पैल्या दिवशी मी बाजू कापल्या आन् दर झुडपाचा शेंडा राखला, भाताच्या वाफ्यावर राब जाळायला ऐनाच्या झाडाच्या फांद्या तोडताना बानं शिकवलंय तसा. अभय सुपरवायझर म्हणाले, "हे तुरे कशाला ठेवलेस?"

म्हणलं, "शेंडा गेला तर झाड मरतं."

ते हसले. "काप आन् महिन्यानं बघ."

कापला. मेलं न्हाई गं! उलट खालनं दाट फुटलं. असं कसं? बाला इचार, ऐनाचा शेंडा कुणी कापून बघितलाय का?

दिवसभर मशीन धरून बोटं आखडल्यात, म्हणून अक्षर वाकडं हाय. दुसरं काय न्हाई.

बाचा गुडघा कसा हाय? औंदा राबाला ऐनावर कोण चढतंय? खरं सांग. हितली कापलेली पानं टेम्पोनं फेकाय नेत्यात. मी त्यातली राबासाठी वाळवून पोत्यात भरतोय, सुट्टी मिळाली की घेऊन येतो. तवर बाला झाडावर चढू देऊ नगं. शेंड्याचं मी इचारलंय म्हणून तर मुळीच न्हाई.

तुजा,
हनुमंत