चाळीसच्या खालचा आकडा

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचे माझे अक्षर पाहून तू ते न फोडता ठेवून दिले नसशील, असे धरून लिहिते. दोन वर्षांत आपण एकमेकींना एक ओळ लिहिली नाही. फोनवर मला हे जमणार नाही. तू गप्प राहिलीस की मी रागावते आणि मुद्दा बाजूला राहतो.

आधी बातम्या. मी निवृत्त झाले त्याला वर्ष होईल. प्रयोगशाळेत माझ्या खुर्चीवर आता तो मिशीवाला साहाय्यक बसतो, ज्याला तू डुलकीसाहेब म्हणायचीस. डुलकी तशीच आहे. गच्चीवर धूळ मोजायचे नवे यंत्र आले. ते आकडे आपोआप वर पाठवते, माणसाचा हात लागत नाही. बरेच झाले. आपला पहारेकरी साथीच्या पहिल्याच महिन्यात गेला, आठवते ना? त्याची बायको आता त्याच दारावर बसते आणि खोकणाऱ्याला मास्क लावल्याशिवाय आत सोडत नाही. मला तिचे पटते. रस्त्यावर मात्र साथीआधी होत्या त्याहून जास्त गाड्या आहेत. बसमध्ये शेजारी बसायला लोक घाबरले, ज्याने त्याने स्वतःची गाडी घेतली; पुढे भीती गेली, गाडी राहिली. घरबसल्या सामान मागवायची चटकही तशीच राहिली. परवा शेजारणीने चार लिंबे मागवली. दुकान तिच्या खिडकीतून दिसते. या लिंबांचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे, म्हणून लिहिले.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. तू नोकरीला लागण्याच्या खूप आधी, एका वर्षी यंत्राचे आकडे एकदम निम्म्यावर आले. मी आनंदाने अहवाल पाठवला की हवा सुधारली. वरिष्ठांनी येऊन यंत्राची हवा ओढायची नळी उघडली, तर आत कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेले. सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही हवा मोजता की माशीचं घर?" त्याच दिवशी मी भिंतीवर तो कागद चिकटवला, जो तुला पाठ होता: चाळीसच्या खालचा आकडा हा यंत्राचा दोष समजावा, नोंद खोडावी, नळी साफ करावी. खोडायची तीही अशी की मूळ आकडा वाचता येऊ नये, म्हणजे पुढच्याचा गोंधळ होत नाही. पंचवीस वर्षे तो कागद बरोबर ठरला. त्यामुळेच घात झाला.

मग साथीत सगळे बंद झाले. चौदा जणांच्या कचेरीत यायला आपल्या दोघींनाच पास मिळाले. तुझ्या आईला, माझ्या धाकटीला, दमा; बाहेरून आजार तिच्या घरात न्यायचा नाही, म्हणून तू माझ्याकडे राहिलीस. बेचाळीस दिवस. कचेरी तिच्या गल्लीच्या तोंडाशी, गच्चीवरून तिची खिडकी दिसायची, आणि तू तिथून नुसता हात हलवून खाली यायचीस. घरात मी मावशी आणि कचेरीचे फाटक ओलांडले की मॅडम, हे तू कधी चुकली नाहीस. दुसऱ्या आठवड्यात आकडा अडतीस आला, मग एकतीस, मग बावीस. तू चार वेळा नळी उघडलीस. चौथ्या वेळी वरूनच सांगितलेस, "मॅडम, माशी नाही. माशीची लांबची नातेवाईकही नाही." मी हसले नाही. मी पेन घेतले आणि खोडले. बेचाळीसपैकी एकोणतीस दिवस खोडले. उरलेल्या दिवसांची सरासरी चव्वेचाळीस आली, ती अहवालात गेली, खाली माझी सही.

रोज संध्याकाळी सातला तू धाकटीला फोन करून त्या दिवसाचा आकडा सांगायचीस. कचेरीतल्या नोंदी घरी सांगायच्या नसतात, यावरून मी तुला दोनदा बोलले. ती तो आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायची, आणि दम्याचा पंप जितक्या वेळा ओढावा लागला तितके ठिपके खाली द्यायची. "सव्वीस दिवस झाले, एक ठिपका नाही," असे तू मला जेवताना सांगितलेस. मी म्हणाले, "तुझी आई म्हणजे काही यंत्र नव्हे." तू अर्धे ताट घेऊन उठलीस.

सगळे सुरू झाले त्याच महिन्यात तू राजीनामा दिलास. धाकटीला त्या गल्लीतून टेकडीकडे हलवायचे तुझ्या मनात होते. तिने मला विचारले. आमच्यात थोरलीने सांगितले की विषय संपतो. मी माझाच अहवाल तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, गाड्या बंद होत्या तेव्हाही तुझ्या गल्लीची हवा अशीच होती, उगाच घर कशाला हलवतेस. ती तुला म्हणाली, "ताई म्हणते म्हणजे खरं असेल गं." ती तिथेच राहिली आणि तीन वर्षांनी गेली. त्या दिवशी घर माणसांनी भरलेले होते. तू माझ्यासमोर कप ठेवलास आणि म्हणालीस, "चहा घ्या, मॅडम." घरात.

आता मुद्दा. धाकटीच्या गल्लीमागच्या बंद गिरणीच्या जागेवर घरपोच मालाचे गोदाम होणार आहे. दिवसाला सहाशे ट्रक. शेजारणीची लिंबे तिथूनच येणार. येत्या मंगळवारी अकरा वाजता लोकांच्या हरकती ऐकतील. गोदामवाल्यांच्या कागदात लिहिले आहे की इथली धूळ मुळातच मातीची आहे, साथीत एक ट्रक फिरत नव्हता तेव्हाही आकडा चाळीसच्या खाली गेला नाही, सबब ट्रकने फरक पडणार नाही. पुरावा म्हणून माझा अहवाल जोडला आहे. धाकटीच्या घरात आता भाडेकरू राहतात. त्यांच्या सात-आठ वर्षांच्या मुलीच्या हातात मी तसाच निळा पंप पाहिला. डुलकीसाहेबाला विचारले, यंत्राची जुनी नोंद कुठे मिळेल का. ती वर्षाने पुसतात. तोही नियम माझाच. तो म्हणाला, "मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता कोण विचारतंय?" इतक्या वर्षांत तो त्या दिवशी पूर्ण जागा दिसला.

धाकटी माझ्या पेनाने गेली असे मी लिहिणार नाही. ते सिद्ध करता येत नाही. जे येते ते मंगळवारी उभी राहून सांगणार आहे: आकडे खरे होते, मी खोडले, सही माझी. तू आलीस तरी सांगेन, नाही आलीस तरी. पण नुसते माझे बोलणे म्हणजे एका म्हातारीची आठवण. ऐकून घेतील आणि पुढचे नाव पुकारतील. ते एकोणतीस आकडे तारखेसकट एकाच ठिकाणी शिल्लक आहेत, तुझ्या आईच्या अक्षरात. घर आवरताना, तिने इतकी वर्षे न उतरवलेले ते कॅलेंडर तू भिंतीवरून काढलेस, ते मी पाहिले होते. ते घेऊन ये. ही विनंती आहे, मला करायची सवय नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. त्या दिवशी जेवताना तुझ्या आईबद्दल बोलले ते वाक्य मी मागे घेते. त्या बेचाळीस दिवसांत बरोबर मोजत होती ती तीच एकटी. कॅलेंडर गुंडाळून आण, घडी घालू नकोस. तिने पेन्सिलीने लिहिले आहे, घडीवर पुसेल.

तुझीच, फाटकाच्या आत आणि बाहेरही,
मावशी