हौसाचा डावा पाय

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
८ डिसेंबर २०२४

ती. स्व. बळीराममामांस,
निकेशचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं, सुकटही मिळाली. आईने पिशवी उघडून वास घेतला आणि दादाने यंदा वाळवायला आळस केलाय असं जाहीर केलं. रात्री मात्र तिनेच दोनदा वाढून घेतली.

आता मुद्द्याचं. बोटीच्या इंजिनाने तुमचे कान बसले आहेत, फोनवर तुम्हाला काही पोचत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. म्हणून सगळं नीट लिहितो.

आईच्या डाव्या पायाच्या शिरा फुगल्या आहेत. डॉक्टर त्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. गुडघ्याच्या मागून घोट्यापर्यंत, निळ्या-जांभळ्या, सुतळीचा गुंता कातडीखाली ठेवावा तशा. घोट्याच्या वर चार बोटं कातडी काळपट झाली आहे. संध्याकाळी पाऊल सुजतं, बोट दाबलं की खळगा राहतो. कधीपासून, असं विचारलं तर म्हणाली, तू आठवीत होतास तेव्हापासून. मामा, मी आता चोवीस वर्षांचा आहे. दहा वर्षं ती साडीचा काठ खाली ओढून माझ्यासमोर वावरली आणि मला दिसलं नाही. यार्डच्या गेटवर मी दिवसाला तीनशे कंटेनरचे नंबर आणि सील तपासतो, एक आकडा चुकू देत नाही.

पोळी-भाजी केंद्रात ती सकाळी सहा ते दुपारी दोन तव्यापुढे उभी असते. डॉक्टर म्हणाले की शिरांमध्ये झडपा असतात, त्या ढिल्या पडल्या की वर चढायचं रक्त खाली साचतं. तेल चोळून आणि निरगुडीचा पाला बांधून ते वर चढत नाही. लेझरने ती शीर आतून बंद करायची, दुसऱ्या दिवशी घरी. मात्र नंतर महिना-दीड महिना फार वेळ उभं राहायचं नाही. २८ जानेवारी ही तारीख मिळाली आहे.

आईने त्यांना एकच प्रश्न विचारला, की मला धवला गाता येईल ना. डॉक्टर पुण्याचे. आपल्या आगरी लग्नात हळदीपासून अक्षतांपर्यंत प्रत्येक विधी धवलारणीच्या गाण्यावर चालतो आणि तिच्याशिवाय मांडव हलत नाही, हे मला त्यांना समजावून सांगावं लागलं. ते हसून म्हणाले की शीर पायातली आहे, गळ्यातली नाही. त्यावर आई गंभीरपणे म्हणाली की आमचं गाणं बसून होत नाही.

तुम्ही तिला चार शब्द लिहा. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकते. तब्येतीला जपा. आम्हा मायलेकांवरचं प्रेम कमी होऊ देऊ नका, ही विनंती.

तुमचा,
निकेश

*

करंजा
१५ डिसेंबर २०२४

चि. निकेश यास,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू लिवतोस ते म्हंजे बंदरावरच्या साहेबाचा रिपोर्ट. पाय डोळ्यासमोर दिसला. आमची आय पन असाच पाय वडत चालायची, पन तिला कोनी डॉक्टर दाखवला नाय. हौसाला सांग, पोरगा चांगला निपजलाय, त्याचं ऐकत जा. ऐकनार नाय, मला म्हायती हाय. लहानपनी मी तिला होडीत बसू नको म्हनायचो तर ती आधी जाऊन बसलेली असायची.

आता माझी बातमी. रियाचं जमलं. पोरगा उरनचा, न्हावा शेव्याला क्रेनवर हाय, सरळ हाय. सोळा फेब्रुवारी, रविवार ठरला. आदल्या दिवशी हळद.

निकेश, तुझी मामी जाऊन सा वर्षं झाली. माझ्या मांडवात आपलं बाईमानूस म्हनून एक हौसाच. आयेचे धवले तिच्याच गळ्यात हायेत. रिया म्हनते, आत्या गानार नसेल तर मी हळदीच्या चौकावर बसनार नाय, कोर्टात जाऊन सही करीन. म्हनून मागतो. तेवढं ते लेझर लग्नाच्या पुढं ढकलता येईल का? दहा वर्षं थांबलेल्या शिरा आनखी महिनाभरात काय पळून जात नाय.

पन पाय खरंच वाईट असेल तर मला साफ लिव. मी दुसऱ्या गावची धवलारीन बगतो. मला राग येनार नाय, रियाची समजूत मी काढीन.

हौसाला सांग, सुकट मी नाय, रियानं वाळवली. आमाला विसरू नका, एवढीच मागनी.

तुजा मामा,
बळीराम

*

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
२९ डिसेंबर २०२४

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

रियाचं ऐकून आईने केंद्रातल्या सगळ्या बायकांना पेढे वाटले. त्या दिवसापासून पोळ्या लाटताना ती पुटपुटत असते. एक कडवं तिला आठवत नव्हतं, ते मंगळवारी सकाळी आठवलं, तर तव्यावरची पोळी जळेपर्यंत म्हणत राहिली.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. पुढे ढकलण्याचं वाक्य आल्यावर तिने टाळी वाजवली आणि आता दादाचं ऐक असं मलाच सांगितलं. मी डॉक्टरांकडे जाऊन तारीख ४ मार्च करून घेतली. ते खूश नव्हते. त्यांनी तीन अटी घातल्या. सकाळी उठल्याबरोबर दाबाचे लांब मोजे घालायचे ते झोपेपर्यंत. झोपताना पाय उशीवर. आणि पोटरीत गरम, लाल, दुखरी गाठ किंवा दोरीसारखं काही लागलं तर त्याच दिवशी यायचं.

अटी मी मोठ्या अक्षरात लिहून आरशाशेजारी चिकटवल्या आहेत. मोजे चढवायला मी मदत करतो, ते फार घट्ट असतात. मग त्या कागदावर खूण केल्याशिवाय मी कामावर जात नाही. आई म्हणते की माझ्या पोराने मलाही कंटेनर केलंय, रोज सील तपासतो आणि गेटबाहेर सोडतो.

तुमच्या तयारीत काही मदत लागली तर कळवा. रियाला माझ्याकडून अभिनंदन. आहे ती माया तशीच राहू द्या.

तुमचा,
निकेश

*

करंजा
१९ जानेवारी २०२५

चि. निकेश यास,
अनेक आशीर्वाद.

मांडववाला ठरला, जेवनाचं ठरलं, बँडवाला तेवढा नखरे करतोय. मी बहिरा, मला बँड कसा का असेना, असं म्हनालो तर रिया दोन दिवस बोलली नाय.

एकच इचारायला लिवतोय. हौसाचा पाय कसा हाय? परवा गावातली एक बाई पनवेलला तिच्या केंद्रावर गेलेली, ती म्हनाली हौसा लंगडते. निकेश, तू माझ्याशी खोटं बोलत नायस. जसं असेल तसं लिव. मी थांबलोय, पाच दिवसांत दुसरी बाई सांगता येईल.

वाट बगतो. सुखी राहा.

तुजा मामा,
बळीराम

*

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
२२ जानेवारी २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

आईचा पाय ठीक आहे. काळजी नसावी. ती लग्नाला येणार आणि गाणार.
बाकी सर्व ठीक.

तुमचा,
निकेश

*

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
९ मार्च २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

आईला परवा घरी आणलं. तुम्ही दवाखान्यात तीनदा येऊन गेलात, पण तिथे तुमच्या कानात ओरडून सांगावं लागतं आणि शेजारीच खाटेवर आई असायची. म्हणून तेव्हा सांगितलं नाही. आता लिहितो. डॉक्टर काय म्हणाले तेही लिहितो, कारण तुम्ही मान हलवत होता पण तुम्हाला ऐकू आलं नसणार.

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती सुटून वर फुप्फुसात गेली. लग्नानंतर चौथ्या दिवशी केंद्राची पायरी चढताना तिला दम लागला आणि ती तिथेच बसली, ते त्यामुळे. जीव वाचला. आता सहा महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. लेझर सध्या नाही. फुप्फुस किती सुधारेल ते डॉक्टर सांगत नाहीत. न्हाणीपर्यंत जाऊन आली की ती खाटेच्या कडेला बसून भिंतीला हात लावते. बोलताना चार शब्दांवर थांबते. गाणं तिने काढलेलं नाही.

आता माझं. २२ जानेवारीला मी तुम्हाला लिहिलं की पाय ठीक आहे. तो ठीक नव्हता. १७ तारखेपासून तिच्या पोटरीत बोटभर लांब, लाल, गरम दोरी लागत होती. २० तारखेला मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याच दिवशी डॉपलर नावाची तपासणी करायला सांगितली. आई म्हणाली, लग्न झाल्यावर. डॉक्टर रागावले, तरी ती उठून बाहेर आली. रिक्षात तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि दादाला यातलं एक अक्षर लिहायचं नाही अशी शपथ घातली. तुमचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. मी चार वेळा लिहायला बसलो. खरं लिहिलं असतं तर तुम्ही दुसरी धवलारीण आणली असती, हे मला माहीत होतं. तरीही मी ते लिहिलं.

आणखी एक. हळदीच्या दिवशी तिने मोजे काढून माझ्या बॅगेत ठेवले. तांदळाच्या पिठाने भरलेल्या चौकाजवळ पायात काही घालून उभं राहायचं नाही, आयेने तसं शिकवलंय, असं ती म्हणाली. दोन दिवस मिळून ती एकोणीस तास उभी होती. मी मांडवाच्या खांबाशी बसून घड्याळ बघत होतो. सगळे म्हणत होते की असा धवला वीस वर्षांत ऐकला नाही. मलाही तसंच वाटलं, आणि मी उठलो नाही.

तुम्ही साफ विचारलं होतं. मी खोटं लिहिलं. तुम्ही काय म्हणाल ते मान्य आहे.

तुमचा,
निकेश

*

करंजा
१७ मार्च २०२५

चि. निकेश यास,
आशीर्वाद.

हे पत्र हौसाला वाचून दाखवू नको.

तुजं पत्र येऊन पाच दिवस झाले. रिया सासरी, घरात मी एकटा. रोज लिवायला बसतो आनि उठतो.

मला म्हायती होतं, निकेश. तू मला सुकटीच्या वासाबद्दल पानभर लिवतोस. मोज्याबद्दल लिवतोस, जळलेल्या पोळीबद्दल लिवतोस. आनि पायाचं इचारलं तर दोन वळी? ते पत्र हातात घेतलं तवाच मी वळखलं. मनात आलं, अशीच उठून पनवेलची गाडी पकडावी आनि साडीचा काठ वर करून पाय बगावा. कोन अडवनार होतं मला? भाऊ हाय मी तिचा.

नाय गेलो. पत्र घडी करून कपाटात ठेवलं आनि मांडववाल्याकडं गेलो. कारन मला आयेचा धवला पायजे होता. इंजिनानं माझे कान गेले, पन हौसाचा वरचा सूर अजून मला लागतो, तेवढाच लागतो. माझ्या पोरीच्या डोक्यावर अक्षता पडताना तो मला ऐकायचा होता. ऐकला. मी रडत होतो ते लोकांना वाटलं पोरगी जाते म्हनून.

तुला शपथ होती. मला कसली शपथ होती?

रियाला मी काय सांगितलं नाय. तिला वाटतं आत्याला न्युमोनिया झाला.

पुढच्या रविवारी येतो. काय आनू ते कळव, का येऊ नको ते कळव. माझ्यावर लोभ असू दे असं खाली लिवायची रीत हाय. माझा हात होत नाय.

बळीराम

*

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
२० मार्च २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. वाचू नको असं तुम्ही लिहिलं होतं, पण एक अक्षर लपवलं त्याचं काय झालं ते आपण पाहिलं. मी आता कोणाच्याही सांगण्यावरून लपवणार नाही.

तिने मधला भाग परत वाचायला लावला. मग ती बोलली. चार-चार शब्दांनी बोलली, मी जोडून लिहितो. ती म्हणाली की बोट किनाऱ्याला लागल्यावर मासळीचे वाटे घालतात तसे तुम्ही दोघं माझ्या पायाचे वाटे घालत बसलाय. एक म्हणतो माझी चूक, दुसरा म्हणतो माझी. पाय कोणाचा होता ते कोणी विचारलंय का? डॉक्टर माझ्यासमोर बोलले, मला कान आहेत, ते दादासारखे गेलेले नाहीत. मी उभी राहिले ती माझ्या आयेसाठी आणि माझ्या भाचीसाठी, तुम्ही दोघांनी मला उभं केलं नव्हतं.

मग तिने मला जवळ बोलावून विचारलं की मी खुर्ची मागितली असती तर कोणी काय म्हणालं असतं. मी म्हणालो की कोणी काही म्हणालं नसतं. रियाने स्वतः आणून दिली असती. आई म्हणाली की हो, तिने दिली असती. धवला बसून म्हणायचा नाही असं आयेनेही कधी सांगितलेलं नव्हतं. आये उभी राहायची, म्हणून मी उभी राहिले. हे म्हणताना ती रडली. दवाखान्यात एकदाही रडली नव्हती. रडल्याने दम लागतो, म्हणून मी तिला उठवून बसवलं आणि पाठीवर हात ठेवून श्वास मोजत राहिलो.

तुम्ही रविवारी या. येताना रियाला आणा आणि तिला खरं सांगूनच आणा, हा आईचा निरोप आहे. रियाने धवले लिहून घ्यावेत असं आईला वाटतं. एका वेळी एक ओळ आई बोलून सांगू शकते. मी वही आणून ठेवली आहे.

आईचा लोभ पहिल्याइतकाच आहे, तो विचारायचा नसतो असं तिनेच सांगितलं. माझ्या लोभाचं मी आज लिहू शकत नाही. तुमच्यावरच्याही आणि माझ्या स्वतःवरच्याही.

तुमचा,
निकेश