मधला तुकडा

११ मार्च १९६३, लंडनहून परतताना

वाजवलंच नाही मी.

आमचा गायक रॉय गाडीत समोरच्या बाकावर घोरतोय. गायलाय ना तो दिवसभर! झोप लागणारच.

सकाळी स्टुडिओत शिरलो तर माझ्या खुर्चीवर एक माणूस. चाळिशीचा, विणलेला स्वेटर, बायकोने बांधून दिलेलं सँडविच खात बसलेला. वाटलं, वायरी जोडणारा असेल. मि. पेल्हम — तबकडी काढणाऱ्या कंपनीने आमच्यावर नेमलेले साहेब — खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अ‍ॅलेक, गिटार हे वाजवतील. वेळ वाचतो. मनाला लावून घेऊ नकोस, आम्ही सगळ्या पोरांचं असंच करतो."

त्या माणसाने बोटं पुसली, गाणं एकदा ऐकलं आणि वाजवलं. गाण्याच्या मधला गिटारचा तुकडा मी हिवाळाभर बसवला होता. त्याला तो दाखवायचीही वेळ आली नाही. त्याने आपलाच वाजवला. चांगला होता — हेच तर दुखतंय.

रॉयने एक शब्द तरी काढला असता! कंपनीला हवाय तो त्याचा गळा. पण तो चहात साखर ढवळत बसला.

१२ मार्च, हल, घरी

आई म्हणाली, "कसं झालं रे?" म्हटलं, "मस्त." बाबा पेपराआडून, "म्हणजे गोदीवर यायचं नाव नाही आता."

१७ मे

तबकडी आली. आजीच्या ग्रामोफोनवर ज्या कंपनीच्या तबकड्या वाजायच्या, त्याच कंपनीचा शिक्का. त्याखाली आम्ही — 'द हंबरटोन्स'.

बाबा गोदीवरून मासळीच्या वासासकट आले. साबणाने खसाखसा हात धुतले, तबकडी कडेने धरून लावली. या माणसाने वर्षानुवर्षं भिंतीवर बूट आपटून "बंद कर ते कोकलणं!" म्हटलंय. आज मधल्या तुकड्याला मान डोलावत होता! म्हणाले, "एवढं येतं होय तुला? आणि बापाला पत्ता नाही!"

सांगायला तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनी सुई पुन्हा ठेवली.

२ जून

टीव्हीवर होतो. गिटारला वायरसुद्धा नाही. तबकडी वाजते, आपण बोटं नाचवायची. मधल्या तुकड्याला कॅमेरा नेमका माझ्या हातांवर! घरी आलो तर शेजारच्या मिसेस ब्लेंकिन आईला म्हणताहेत, "काय बोटं आहेत गं तुझ्या मुलाची!"

बोटं माझीच आहेत, बाई. बाकी काही नाही.

९ जून

त्या माणसाचा तुकडा अजून बसवला नाही. येत नाही म्हणून नव्हे. बसवणार नाही.

२० जुलै

हेसल रोडवरच्या क्लबात कार्यक्रम. बाबांनी अख्खी गोदी गोळा केली होती. मासळीचे ट्रॉलर रिकामे करणारे, मासे कापणाऱ्या बायका, सगळे. पहिल्या टेबलाशी बाबा, कोट घालून.

मी माझा तुकडा वाजवला. हिवाळ्यातला. जसा सुचला होता तसा.

मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, चुकला!" दुसरा, "तबकडीवर असं नाहीये, बाळा!" हशा. एका बाईने तर तोंडाने म्हणून दाखवला मला — त्या माणसाचा तुकडा. माझ्याच तोंडावर!

बाबा उठून उभे राहिले. "दमलाय पोरगा! रोज गावोगाव हिंडतो. तुम्ही वाजवून दाखवा की!"

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाहेर रॉयला धरलं. "तू तेव्हा बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर चौघांनाही घरी पाठवलं असतं."

"मग जायचं घरी!"

"माझ्या जागी तू असतास तर गेला असतास?"

तो चिप्स विकत घ्यायला गेला. एकट्यापुरत्या.

२८ जुलै

बसवला. एका दुपारीत. जसाच्या तसा येतो आता. लाज वाटते.

५ सप्टेंबर, लंडन

दुसरी तबकडी. तोच स्वेटर, तेच सँडविच. पुढची बाजू उरकून तो घड्याळ बघत उठला. दुसऱ्या कुठल्या स्टुडिओत बोलावणं होतं. जाताना मला म्हणाला, "तुझी गिटार छान आहे." बस, एवढंच. तो वाईट माणूसही नाही. मग रागवायचं कोणावर?

मागची बाजू राहिली. पेल्हमसाहेबांनी खांदे उडवले. "तूच वाजव रे. मागची बाजू कोण ऐकतंय?"

वाजवली. एका ठिकाणी तारेवरून बोट घसरलं, म्हटलं पुन्हा घेऊ. "राहू दे," काचेपलीकडून उत्तर आलं.

झालं. कंपनीच्या तबकडीवर मी आहे. जिथे कोणी सुई ठेवत नाही तिथे.

११ ऑक्टोबर

पुढची बाजू सगळीकडे वाजतेय. क्लबात, केशकर्तनालयात, मिसेस ब्लेंकिनच्या खिडकीतून. मागच्या बाजूबद्दल आईनेसुद्धा विचारलं नाही.

१८ ऑक्टोबर

मी जिन्यात होतो. खाली बाबांनी तबकडी उलटी केली. ऐकली. पुन्हा ऐकली. मग मला हाक मारली.

म्हणाले, "हा तू आहेस. भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकलाय मी हा हात." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मग इतके दिवस मी लोकांना कोणाचं ऐकवत होतो?"